घरतांच्या जागी सावंत

"उघडून बघितलंस?"

सहा वर्षं मी हा प्रश्न ऐकला. विचारताना बाई माझ्याकडे बघायच्या नाहीत. चष्मा काढायच्या, पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसायच्या, चष्मा परत नाकावर बसवायच्या आणि समोरच्या स्क्रीनलाच विचारल्यासारखं मला विचारायच्या. मी म्हणायचो, "हो, बाई." दहातल्या आठ वेळा ते खोटं असायचं. उरलेल्या दोन वेळा मी फाईल उघडलेली असायची, पण बघितलेली नसायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या टेबलाजवळून जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही, उगाच एखादा कागद धरतो. आमच्याकडे त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. नाव मस्टरवर होतं, आणि ते तिथंच होतं.

आमचं ऑफिस उल्हासनगरला, विठ्ठलवाडी स्टेशनाच्या बाजूला, एका रेडिमेड पँटींच्या दुकानाच्या वर. काम हाऊसिंग सोसायट्यांच्या कागदांचं. अंबरनाथ-बदलापूरकडच्या सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं, ठराव, नोटिसा, दाखले, सगळं आमच्याकडे टाईप व्हायचं आणि आमच्याकडेच राहायचं. जिथं बिल्डिंग उभी राहते तिथं भांडण उभं राहतं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आमचे सेठ सिंधी. माणूस वाईट नाही, पण त्यांना एका जागी दोन माणसं बसलेली बघवत नसत.

सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की बाईंचं मोठं काम निघायचं. त्या सोसायटीचे सगळे नमुने उघडायचे, जुनं नाव काढायचं, नवं घालायचं. बाई एकेक फाईल उघडायच्या, वरपासून खालपर्यंत वाचायच्या, बदलायच्या, बंद करायच्या आणि बाजूच्या कागदावर लाल पेन्सिलीने बारीक खूण करायच्या. मोठं कॉम्प्लेक्स असलं तर दोन-दोन आठवडे.

"बाई, याला बटण असतं," मी एकदा म्हणालो.

"असू दे. बटणाला घाई असते. मला नाही."

"कंटाळा नाही येत?"

"नमुने शोधताना जुन्या सभांची भांडणं वाचायला मिळतात रे फुकटात. कुळगावला घरी मी एकटी. तिथं भिंती काय वाचून दाखवणार आहेत मला?"

ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली होती. मीही हसलो होतो. पुढे मी जे केलं ते हे ऐकल्यानंतर केलं, म्हणून आधी सांगून टाकतो.

झालं असं, की मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून स्क्रिप्ट लिहायला शिकलो. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली चिठ्ठी: या कपाटातली प्रत्येक फाईल उघड, जिथं अमुक शब्द दिसेल तिथं तमुक लिही, बंद कर, पुढची घे. दहा-बारा ओळींची चिठ्ठी. पण ती पहिल्यांदा चालली तेव्हा माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण मी स्वतःहून उघडलं.

आणि मी ती सेठना दाखवली. न विचारता. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, खुर्ची ओढून.

सेठ बघत राहिले. "चार मिनिट में? बाईला दोन हफ्ते लागतात."

"हो ना, सेठ," मी म्हणालो. केवढ्या आनंदाने म्हणालो!

सेठनी काचेतून बाहेर बघितलं. बाहेर दोन खुर्च्या. एकीवर बाई चष्मा पुसत होत्या, दुसरी माझी, रिकामी. "फिर दोन-दोन माणसं कशाला पाहिजे?" सेठ म्हणाले. "बघू. या वर्षभर बघू."

केबिनचं दार नीट लागायचं नाही. मी बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, "काय रे, मला घालवायला निघालास?"

"छे हो, बाई! काहीतरीच!"

"नाही, आधी सांगितलंस तर डबा कमी आणीन."

मी दोन दिवस त्यांच्याकडे बघणं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डब्यातली वालाची उसळ माझ्या पोळीवर घातली आणि विषय संपला. म्हणजे मला वाटलं, संपला.

पालेगावला अकरा बिल्डिंगचं एक कॉम्प्लेक्स आहे. तिथले सेक्रेटरी घरत हार्ट अटॅकने गेले. मूळचे तिथलेच, कॉम्प्लेक्स ज्या शेतावर उभं राहिलं त्यात त्यांचाही बांध होता म्हणे. सोळा वर्षं सेक्रेटरी होते. त्यांच्या जागी सावंत आले. हे सावंत सोळाही वर्षं घरतांचे विरोधक. पाण्याच्या टाकीवरून सुरुवात झाली आणि पुढे टाकीची गरजच उरली नाही, दोघं कशावरूनही भांडायचे. बाईंना त्या कॉम्प्लेक्सची इतिवृत्तं फार आवडायची.

"हे बघ," बाई मला म्हणाल्या, "तुझी ती चिठ्ठी नमुन्यांवर चालव. नोटिसा, दाखले, अर्ज. जुन्या सभांना हात लावायचा नाही. तिथं घरत आहेत ते घरतच राहू देत."

"हो, बाई."

आता नमुने एका जागी असते तर प्रश्न नव्हता. पण ते सोळा वर्षांच्या फोल्डरांत इकडेतिकडे पसरलेले. ते वेगळे काढायला अर्धा दिवस गेला असता. अर्धा दिवस! चार मिनिटांत काम करणाऱ्या माणसाने अर्धा दिवस वेचायचा? मी सगळ्या कॉम्प्लेक्सवरच स्क्रिप्ट चालवली. घरत दिसला की सावंत. खिडकीतून खालच्या पँटी बघत एक चहा घेतला, तोवर झालं. वर तत्परता अशी, की लगेच बॅकअपच्या पेनड्राईव्हवरही तेच सगळं चढवलं.

"उघडून बघितलंस?"

"हो, बाई."

सहा महिने काहीही झालं नाही. चूक ताबडतोब उघडी पडते असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑफिसात काम केलेलं नाही.

मग एके दिवशी दुपारी घरतकाकू आल्या. घरतांच्या पत्नी. जिने चढून दमल्या होत्या. सोसायटीने घरतांसाठी जो शोकप्रस्ताव केला होता त्याची प्रत हवी होती, फ्रेम करून वर्षश्राद्धाला फोटोखाली लावायला. मी रुबाबात प्रिंट काढली, दोन्ही हातांनी दिली.

काकू शाळेतल्या मुलीसारखं बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. "आपल्या संस्थेचे सेक्रेटरी श्री. सावंत यांचे दुःखद निधन झाले. संस्थेसाठी अहोरात्र झटणारे श्री. सावंत..." त्या थांबल्या. मग पुढे वाचलं. "श्रीमती सावंत यांच्या दुःखात सर्व सभासद सहभागी आहेत."

माझ्या कानातून गरम वाफ निघाली. बाईंनी हात पुढे केला, कागद घेतला, नाकाजवळ नेला, लांब धरला आणि मला दिला. "वाच."

मी वाचला. सगळा.

घरतकाकू रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ज्या माणसाशी यांचं सोळा वर्षं पटलं नाही, त्याच्या घरात नेऊन बसवलंत मला? आणि तो सावंत सकाळीच दूध घेऊन जाताना दिसला."

"वहिनी," बाई म्हणाल्या, "आमची चूक आहे. पंधरा दिवस द्या."

काकू गेल्यावर आम्ही फायली उघडल्या. मी वाचत गेलो. घरत कुठंच नव्हते. सोळा वर्षांत त्या कॉम्प्लेक्समध्ये झाडं सावंतांनी लावली होती, पाण्याची लाईन सावंतांनी आणली होती. श्री. सावंत यांनी श्री. सावंत यांच्या मनमानी कारभाराचा तीव्र निषेध केला होता. त्यावर श्री. सावंत यांनी श्री. सावंत यांना शांत राहण्याची विनंती केली होती. श्री. सावंत सभात्याग करून निघून गेल्यावर सभा श्री. सावंत यांनी पुढे चालवली होती.

इथं मला हसू आलं. खरंच आलं. बाईंनी मान वळवली आणि ते हसू जिथून आलं तिथं परत गेलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी साधा मूर्ख ठरलो असतो. पण बाई जेवायला उठल्या आणि मला वाटलं, गेलं तसं परत आणू. उलटी चिठ्ठी लिहिली: सावंत दिसला की घरत. चार मिनिटं. मग पहिली फाईल उघडली आणि कळलं की यात मुळातले सावंतसुद्धा घरत झाले. आता खरा कोण आणि बदललेला कोण, हे कॉम्प्युटरला सांगता येईना आणि मलाही. त्याच घाईत सावंतांचा माणूस सभेच्या नोटिसा न्यायला आला. मी त्या काढल्या आणि दिल्या.

दुसऱ्या दिवशी पालेगावच्या अकराही बिल्डिंगच्या खाली नोटीस लागली, की येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, सर्वांनी वेळेवर यावं, आपला नम्र, घरत, सेक्रेटरी. वॉचमनने ती चिकटवून खाली हात जोडल्याचं सांगतात.

सावंतांचा फोन थेट सेठना आला. सेठ केबिनमधून बाहेर आले, आम्हा दोघांकडे बघितलं. "पहले ठीक करो. जाऊन बसा तिकडे. फिर बात करेंगे, कोणाला ठेवायचं."

आम्ही बारा दिवस पालेगावला गेलो. अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षा, मग सोसायटीचं ऑफिस, म्हणजे पंपरूमला लागून असलेली खोली. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही आमच्या फायली घेतल्या. बाजूला हाताने लिहिलेली सभेची रजिस्टरं होती. दर वर्षी लिहिणारा वेगळा, अक्षर वेगळं, आणि काही वर्षांची पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. काम एवढंच, की स्क्रीनवर जिथं जिथं घरत आहे तिथं तो घरत की सावंत ते ठरवायचं आणि हाताने दुरुस्त करायचं. एकेक.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तू वाच. मी ऐकते." मला वाटलं, शिक्षा आहे. मी वाचू लागलो.

"श्री. घरत यांनी हिशेब सभेपुढे ठेवावेत अशी मागणी केली."

"सावंत. मागणी सावंत करतो."

"श्री. घरत म्हणाले, की सर्वांनी मिळून मार्ग काढावा."

"हे घरत. घरत रागावले तरी मिळूनच रागावायचे."

मी रजिस्टरात बघायचो. बरोबर असायचं. दर वेळी. बाईंनी ती सगळी भांडणं आपल्या हाताने टाईप केली होती आणि दोघांना आवाजाने ओळखावं तसं वाक्याने ओळखत होत्या. पानं चिकटलेली असत तिथं तर त्यांचाच शब्द प्रमाण. मी वाचायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या, "सावंत," "घरत," "सावंत," आणि मध्येच, "हे दोघंही नाहीत, हे तीनशे चारमधले देशपांडे बोलले होते, तेव्हाच चुकलं होतं माझं. ते पण कर."

चौथ्या दिवशी मी एक दुरुस्ती करून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "असं चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

स्क्रीन बंद पडली होती. मी फिरवत असतानाच वीज गेली होती. पंखाही थांबला होता, पण तो तसाही खडखड करत थांबत-थांबतच फिरायचा. मी काळ्या स्क्रीनकडे बघितलं, मग बाईंकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. "वर्ष झालं. मधोमध काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाला, आता हे असंच."

"मग काम कसं..."

"तू टाईप करतोस त्याचा आवाज येतो. किती ओळी झाल्या कळतं. आणि तुला विचारत होते ना रोज." मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तू बघतोयस."

लेखक म्हणवणारा माणूस इथं काहीतरी छान लिहील. मला त्या खोलीत घाम येत होता आणि बाहेर पंप बंद असल्याने फार शांत होतं, एवढंच आठवतं.

बारा दिवसांत काम झालं. शेवटच्या दिवशी रिक्षाची वाट बघताना मी म्हणालो, "बाई, मी सेठना सांगतो. सगळ्या फायलींवर मीच चालवलं."

"नको. मी सांगणार आहे, की कोणत्या फायली घ्यायच्या ते मीच चुकीचं दाखवलं. डोळ्यांमुळे."

"अहो पण..."

"गप. तू गेलास तर तिथं कोण बसणार, मी? काळी स्क्रीन बघत? जायचं तर मलाच आहे. फुकट जाण्यापेक्षा काहीतरी उपयोगाला येऊन जाते."

"तुम्हाला घरी एकटं..."

"ते माझं मी बघेन. बघेन म्हणजे, तसंच." त्या हसल्या. मग माझं मनगट धरलं. "पण घरतवहिनींना कागद तू नेऊन द्यायचास. आणि कोणी केलं ते सांगायचंस. सेठशी खोटं चालेल, त्याचं काही गेलं नाही. त्यांचा नवरा तू पुसलास."

मी "हो, बाई" म्हणालो.

बाईंनी सेठना सांगितलं. सेठना खरं वाटलं असेल किंवा सोयीचं वाटलं असेल. त्यांनी बाईंना शाल दिली, पेढे मागवले, आणि म्हणाले, "बाई, आपका घर है, कधी पण या." दुसऱ्या दिवशी बाईंची खुर्ची आत केबिनमध्ये गेली, पाहुण्यांसाठी.

मी घरतकाकूंकडे गेलो. चांगल्या जाड कागदावर शोकप्रस्ताव नेला, घरतांच्या नावाचा. काकूंनी तो बोट ठेवून वाचला, चहा दिला, रव्याचा लाडू दिला. विचारलं, "कशाने झालं हो तसं?"

मी तोंडात लाडू असतानाच म्हणालो, "प्रिंटरची गडबड, काकू."

लाडू चांगला होता. हे सांगायला नको, पण होता.

आठवड्याने बाईंचा फोन. "सांगितलंस?"

"हो, बाई."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. चहा दिला."

"बरं," बाई म्हणाल्या. मग फोन ठेवला.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. काम फार होतं हे खरं आहे. दोन खुर्च्यांचं काम एका खुर्चीवर आलं होतं, आणि आता मी प्रत्येक फाईल उघडायचो, वाचायचो, बंद करायचो. सेठ काचेतून बघायचे. "चार मिनिट का क्या हुआ?" मी म्हणायचो, "बिघडलंय, सेठ." संध्याकाळी डोळे असे दुखायचे की विठ्ठलवाडीच्या पुलावर दिवे दुहेरी दिसायचे. दीड वर्ष असं गेलं.

शेवटी एका रविवारी फोन केला, तर नंबर बंद. कुळगावला गेलो. बाईंच्या खोलीला कुलूप. शेजारची म्हणाली, भाऊ आला आणि महाडकडे गावी घेऊन गेला. "आता हाताला धरूनच चालायच्या. नंबर? नंबर कुणाकडे असेल? तुम्ही कोण त्यांचे?"

मी ऑफिसचं नाव सांगेपर्यंत ती आत निघून गेली.

तिथून मी परत घरी जायला हवं होतं. पण पाय रिक्षास्टँडकडे वळले आणि तासाभराने मी पालेगावला घरतकाकूंच्या दारात उभा होतो. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि पंख्याचं बटण दाबलं.

"काकू, एक सांगायचं होतं. ते तेव्हा प्रिंटर..."

"बसा आधी." त्यांनी पाणी आणलं. भिंतीवर घरतांचा फोटो होता आणि खाली तो कागद, फ्रेममध्ये. "तुमच्या बाई आल्या होत्या इथं. तुम्ही कागद देऊन गेलात ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात. एकट्या. जिन्यात भिंतीला हात लावत लावत वर आल्या. मला म्हणाल्या, कागद वाचून दाखवा, बरोबर उतरलाय का बघायचंय. मी सगळा वाचून दाखवला. ऐकून म्हणाल्या, हे घरतच."

"आणि काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कसं झालं ते मी सांगणार नाही. तो येईल सांगायला." काकू माझ्यासमोर पाटावर बसल्या. "मी समजले, आठवड्या-दोन आठवड्यात याल. पहिले काही रविवार लाडू करून ठेवत होते. मग ठेवायची बंद झाले."

मी भांडं खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.